मामांची पाहणी

माझ्या सासऱ्यांना चार प्रकारचे खोकले येत. त्यांतला सर्दीचा एकही नव्हता.

पहिला नायब तहसीलदारांचा. कोरडा, तुटक, दार उघडण्याआधीचा. दुसरा तहसीलदारांचा. तो दार उघडून आत पाऊल टाकल्यावर यायचा, आणि बसलेल्या लोकांना उठून उभं राहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच चालायचा. तिसरा प्रांतसाहेबांचा. त्यात घसा फक्त साफ व्हायचा, पण ऐकणाऱ्याला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलंय. चौथा बांधकाम खात्याच्या इंजिनिअरचा, तो जेवणानंतरचा. मी एकदा विचारलं, "मामा, आणि कलेक्टरचा?"

आपण लेक कुणाच्या घरात दिली, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, कलेक्टर खोकत न्हाई. त्याच्या वतीनं दुसरे खोकतात."

मामा स्वतः ह्यांच्यापैकी कुणीच नव्हते. ते सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या उजव्या हाताला बसून काढली. साहेब बदलले, जीप बदलली, मामा तेच राहिले. नाटकात विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या माणसाला सगळ्यांची भाषणं पाठ असतात आणि टाळी मात्र एकही मिळत नाही, तसं त्यांचं झालं असावं. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले, काही दिवस पलंगावर गप्प बसून राहिले, आणि मग कचेरीच्या लिलावातून त्यांनी आपलीच जुनी जीप विकत आणली.

जीप दारात आली तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "आता ही चालवनार कोन? तुमीच ना?"

"मी कामून चालवू?" मामा म्हणाले. "मी चालवून रिटायर झालो."

मग कोण चालवणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझं मस्तगडात पंखे, मिक्सर आणि बोअरच्या मोटारी विकायचं दुकान आहे. आठवड्याची एक सुट्टी असते, ती सासरेबुवांच्या दौऱ्याला लागायची. आपल्याकडे जावयाचा काय थाट असतो, हे मी सांगायला नको. धोंड्याचा महिना आला की कुणाला चांदीचं ताट मिळतं, कुणाला अंगठी. मला स्टेअरिंग मिळालं. मामा डाव्या बाजूला पुढे बसत. अंगात राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, आणि पाठीशी सीटवर पांढरा टर्किश टॉवेल. साधी खुर्ची आणि साहेबाची खुर्ची ह्यांत फरक फक्त टॉवेलाचा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "टॉवेल काढून घ्या. मंग कलेक्टर बी गिऱ्हाईक दिसतो."

जीपच्या पुढच्या बाजूला पूर्वी 'महाराष्ट्र शासन' अशी लाल अक्षरं होती. लिलावात देताना ती खरवडून वर रंग मारला होता. पण दुपारच्या उन्हात तिरकं पाहिलं की शासन रंगाखालून हळूच वर येई. "मामा, वरून अजून एक हात मारून घेऊ," मी म्हणालो, तर म्हणाले, "नियमानं खोडलेलं हाये. उन्हात दिसत असंल तर उन्हावर गुन्हा दाखल करा."

गुन्हा हा शब्द ते उगाच वापरत नव्हते. मामांचा कायद्याचा अभ्यास दांडगा होता, फक्त तो एकाच गुन्ह्याचा होता. सरकारी नोकराचं सोंग घेणं म्हणजे कलम एकशे सत्तर, त्याच्यासारखा पोशाख करणं म्हणजे एकशे एकाहत्तर. ही दोन कलमं त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. नवा कायदा आला आणि त्यांची दोनशे चार आणि दोनशे पाच झाली, तेव्हा शेजाऱ्याने न सांगता घर बदलावं तसे मामा अस्वस्थ झाले. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एका वकिलाला गाठून त्यांनी नवं कलम शब्दाशब्दाने समजून घेतलं आणि जीपमध्ये बसल्या बसल्या माझी शिकवणी घेतली.

"ऐका. आपुन अमुक एका पदावर हाओत, असं ढोंग केलं पाहिजे. अमुक एका! आणि त्या पदाच्या नावाखाली काही काम केलं पाहिजे. आता मला सांगा, मी कधी म्हणलो का, मी साहेब हाये?"

"नाही."

"मी काय म्हणतो?"

"काहीच नाही."

"बराबर. मी फक्त उतरतो. लोकच म्हणतात, या साहेब. कायद्यात चूप बसायला शिक्षा न्हाई, जावईबापू."

आणि खरंच, ते उतरायचे कसे हे पाहण्यासारखं होतं. शहागडला हायवेवर, ट्रकांच्या गर्दीत एखाद्या हॉटेलापुढे मी जीप लावायचो. मामा लगेच उतरत नसत. साहेब लगेच उतरत नाही. आधी काच खाली होते. मग दार अर्धं उघडायचं, एक पाय बाहेर यायचा आणि तसाच थांबायचा. तोपर्यंत हॉटेलवाला फडक्याने खुर्ची पुसत पुढे आलेला असायचा. मामा हात मागे बांधून भज्यांच्या कढईकडे, पाण्याच्या टाकीकडे, छताकडे पाहत एक चक्कर मारत. कढईसमोर थोडं जास्त थांबत. हॉटेलवाल्याच्या कपाळावर घाम. "तेल आजच बदललं, साहेब!" मामा नुसती मान हलवत. आणि चहाचे पैसे मात्र सक्तीने देत. "फुकट पेलो की गुन्हा पुरा व्हतो," हे मला जीपमध्ये परत आल्यावर.

मला मजा यायची. खोटं कशाला बोलू? मी मित्रांत गप्पा सांगणारा माणूस. चार लोक जमले की मामांचे खोकले करून दाखवायचो, आणि लोक पोट धरून हसायचे. लाज वाटायची ती माझ्या बायकोला. अंबडला एका लग्नात माइकवाल्याने "आपल्यामध्ये उपस्थित झालेले आदरणीय साहेब" असा पुकारा केला, नाव त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि मामा शांतपणे उठून स्टेजवर गेले, फेटा बांधून घेतला, नवरानवरीला ताटकळत ठेवून पाणी अडवा, पाणी जिरवा ह्या विषयावर बोलले आणि खाली आले. माझी बायको बायकांच्या रांगेत डोक्यावर पदर ओढून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "आण्णांचं हसू व्हतं, ते तुम्हाला कळत न्हाई. तुम्हीच चढवून ठिवलंय त्यांना." मी म्हणालो, "अगं, कुणाचं काय बिघडलं त्यात?"

तेव्हा माझ्याकडे पुरावाही होता. एकदा दुकानात मामा बसलेले असताना मला व्हिडिओवर फोन आला. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे झेंडा. माझ्या नावाचं पार्सल पकडलंय, मला आता घरबसल्या अटक झाली आहे, खोलीतून हलायचं नाही, असं तो हिंदीत ओरडत होता. मी खरंच हललो नाही. मामांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि दोन मिनिटं त्या माणसाचं काम पाहिलं. मग म्हणाले, "थांब. तू लई जल्दी वरच्या आवाजात गेला. साहेब आधी हळू बोलतो. आपल्याला ऐकायला पुढं वाकावं लागतं. आणि तुझ्यामागं पंखा फिरून राह्यलाय, झेंडा हलत न्हाई. चिटकवलाय का?"

पलीकडच्याने मागे वळून झेंडा पाहिला.

"लोकांला लुटायला साहेब बनतो, नालायका!" मामा एवढ्या जोरात ओरडले, की गिऱ्हाईक बाहेर थांबलं. "साहेबाच्या पोशाखाची कुणाला भीती वाटली पाहिजे का? आधार वाटला पाहिजे, आधार!" फोन बंद झाला होता, तरी ते बराच वेळ त्याच्याशी बोलत होते. मग फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तो चोर हाये. मी कधी कुणाचं काही घेतलंय का?"

घेतलं नव्हतं. हे मला इतकं पटलेलं होतं, की पुढचं सगळं त्यामुळेच झालं असं आता वाटतं.

त्या वर्षी गोदावरी पात्र सोडून बाहेर आली. काठच्या गावांत आठवडाभर पाणी होतं. पाणी ओसरलं, आणि त्या रस्त्याने साहेबांच्या गाड्या सुरू झाल्या. हे पथक, ते पथक, पुढे-मागे पोलीस. मामा रोज टीव्हीसमोर बसून कोण कसा उतरला ते पाहत. सुट्टीच्या दिवशी सकाळीच सफारी घालून दुकानावर आले. "चला. पाहणी करून येऊ."

"मामा, आज नको. लोक त्रासात आहेत."

"म्हणूनच तं. आपलं जाणं हाये फक्त. कुणी आलं, एवढं त्यांना वाटलं तरी बस हाये."

शहागडच्या अलीकडे एका गावाशी रस्ता नदीच्या बाजूला वळतो. तिथे मामांनी हात वर केला. मी थांबलो. काच खाली, दार अर्धं, पाय बाहेर. मामा बांधावरून वावरात उतरले आणि हात मागे बांधून उभे राहिले. मान किंचित तिरकी, भुवया एकमेकींजवळ, ओठ आत ओढलेले. इतकं उत्तम काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. मी स्टेअरिंगवर हनुवटी ठेवून पाहत होतो.

पलीकडून एक बाई धावत आली. साठीची असावी, पातळ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. नाव कडूबाई, हे तिनेच सांगितलं. नवरा वारला, लेक चाकणला कंपनीत, तीन एकर तीच करते. ती रडत नव्हती. ती घाईघाईने हात करून काय काय दाखवत होती, इकडे, तिकडे, खाली. मामा मान हलवत होते. सगळी गंमत ती मान हलवण्यात होती, दर तिसऱ्या वाक्याला एकदा, आणि मध्येच "हं."

"साहेब, लिहून न्हाई घेतलं?"

मामांनी बोट कपाळाला लावलं. "सगळं इथं हाये."

ती बिचारी हसली. घागरीतलं पाणी तांब्यात ओतून आणलं, मामा प्यायले, मलाही दिलं. निघताना तिने विचारलं, "साहेब, मंग आता वावर सारखं करून घेऊ का? हरभऱ्याचे दिस चाल्लेत. पाहणी झाल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणत्यात."

मामा थांबले. आजवर ते कुणालाही काही बोलले नव्हते, हाच त्यांचा कायदा. पण बाई तोंडाकडे पाहत होती, आणि काहीच न बोलता निघालं तर पाहणी पुरी झाल्यासारखी वाटेना. असो, मी त्यांच्या मनात शिरून आलो नाही. त्यांनी प्रांतसाहेबांसारखा घसा साफ केला आणि म्हणाले, "करा की."

येताना जीपमध्ये ते खुशीत होते.

दिवाळी झाली. हवेत गारवा आला. मामांच्या एका मावसभावाकडे कार्यक्रम होता म्हणून आम्ही पुन्हा त्या रस्त्याने निघालो, आणि मामांनीच त्या वळणावर हात वर केला. "बाईचं काय झालं, बघू." झालं काय हे बघायचं नव्हतं, ओळख पटते का हे बघायचं होतं, हे मलाही कळत होतं.

पटली. कडूबाई हरभऱ्यातून जवळजवळ पळतच आली. "साहेब, बरं झालं आले! सगळ्या गावाचं नाव आलं यादीत. माझंच न्हाई आलं."

"कसं काय?" मामा म्हणाले.

"तलाठी आल्ते ना पंचनाम्याला. वावरावावरात जाऊन मोबाइलवर फोटो काढत व्हते. मी म्हणलं, आमचं झालंय, मोठे साहेब सोताहून पाहून गेले. मला म्हणले, फोटो काढला का त्यांनी? मी म्हणलं, मोठ्या साहेबाला फोटो कशाला लागतो? मंग ते गेले पुढं. त्यांच्यामागं बी किती गावं. आता कचेरीत गेले तं म्हणत्यात, वावर तं सारखं दिसून राह्यलंय, हरभरा उगवलाय, नुकसान कुठंय? साहेब, तुमीच सांगा ना त्यांला. तुमी म्हणले व्हते, करा."

"बघतो," एवढंच कसंबसं मामांच्या तोंडून निघालं, आणि आम्ही जीपमध्ये येऊन बसलो. कार्यक्रमाला जाण्याचा रस्ता सरळ होता. मामा म्हणाले, "ठाण्यात घ्या."

हायवेवरच्या त्या ठाण्यात टेबलामागे एक वयस्क हवालदार चष्मा पुसत बसले होते.

"बोला काका, काय तक्रार?"

"माझ्यावर गुन्हा दाखल करा. दोनशे चार."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. घरचं कुणी सोबत आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं असावं. "हे कोण?"

"ड्रायव्हर," मामा सवयीने म्हणाले.

"जावई," मी म्हणालो.

मामांनी सगळं सांगितलं. हवालदार आधी हसू दाबत ऐकत होते, मग दाबेनासे झाले. "बरं, तिला कोणते साहेब म्हणून सांगितलं तुमी? तहसीलदार? बीडीओ? का कृषीवाले?"

"पद न्हाई सांगितलं."

"कार्ड दाखवलं?"

"न्हाई."

"काही घेतलं तिच्याकून?"

"पाणी पेलो."

"अहो काका, कलमाला पद लागतं. तुमी नुसतेच साहेब! सफारी काय, बस्त्याला जाणारा बी घालतो." हवालदार मागे रेलले. "तुमी तं तोतया बी बराबर झाला न्हाईत."

मला हसू आलं नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगतोय. ज्या फटीतून मामा इतकी वर्षं सुखरूप बाहेर पडत होते, तीच फट आज त्यांना आत जाऊ देत नव्हती. ते टेबलाची कड धरून म्हणाले, "पण मी 'करा' म्हणलो. वावर सारखं करा, म्हणलो तिला."

हवालदारांचं हसू थांबलं. चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "आणि तुमी कोणीच न्हाई, हे तिला सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग हितं कशाला आले आधी? माझ्याकून शिक्षा घेऊन मोकळं व्हायला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "जा, तिला सांगा. तिनं फिर्याद दिली तं मी घेतो लिहून. मंग पद असू दे का नसू दे."

परत वळलो. कडूबाई बांधावर गवत कापत होती. मामा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना खोकला आला. हा मी कधी ऐकला नव्हता. हा कुणाचाच नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, आणि लवकर थांबेना.

"कडूबाई, मी साहेब न्हाई."

"बदली झाली का?"

"न्हाई. कधीच नव्हतो. जीप चालवायचो साहेबांची. आता रिटायर झालोय."

तिने जीपकडे पाहिलं, सीटवरच्या टॉवेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग हे?"

"जावई."

तिच्या हातात विळा होता. ती शिव्या देईल, विळा भिरकावेल, गाव गोळा करेल, ह्या सगळ्याची मी तयारी केली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली. मग म्हणाली, "साहेब नसना का. पाहिलं तं व्हतं ना तुमी? डोळ्यांनी? पूर गेला तवा वावर कसं झाल्तं ते?"

मामांनी वावराकडे पाहिलं.

"मंग तेच सांगा तिथं येऊन. गाववाल्याचं गाववाल्यानं सांगितलेलं धरत न्हाईत ते. तुमी बाहेरचे. तुमच्याबिगर माझं वावर कोनी पाहिलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. कडूबाई आधीच येऊन थांबली होती. मामांच्या नोकरीची निम्मी वर्षं तिथेच गेली होती. अंगात सफारी नव्हती, साधा पांढरा सदरा होता, आणि ते जीपमध्ये मागे बसून आले. व्हरांड्यात पाऊल टाकताच जुना शिपाई ओरडला, "आरं, ड्रायव्हरमामा!" आतून दोन-तीन कारकून बाहेर आले. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा सांगितला, पेन्शनचं काही अडलंय का म्हणून विचारलं. मामा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांच्यासमोरच, दार उघडं असताना, ते तहसीलदार मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच कप हातात धरून उभा राहिला.

मॅडम वयाने माझ्या धाकट्या मेव्हणीएवढ्या. त्यांनी एकदाही मध्ये टोकलं नाही. शेवटी कडूबाईला म्हणाल्या, "मावशी, ह्यांच्याविरुद्ध फिर्याद द्यायची असेल तर देता येईल. त्यासाठी मी सांगते काय करायचं ते."

"फिर्याद मंग बघू," कडूबाई म्हणाली. "आधी त्यांला वावराचं विचारा."

मॅडमनी कागद पुढे ओढला. "ठीक आहे. बोला. त्या दिवशी जमीन कोणत्या बाजूने खरडली होती?"

मामांनी तोंड उघडलं.

"नदीच्या बाजूने की रस्त्याच्या? दगड उघडे पडले होते का? विहीर आहे ना ह्यांची, ती गाळाने भरली होती का, की उघडी होती?"

मामांनी कडूबाईकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका. तुम्ही पाहिलेलं सांगा."

मामा म्हणाले, "मॅडम, मी उभा व्हतो तिथं. पाहिलं न्हाई."

"म्हणजे?"

"उभा व्हतो फक्त."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतात ना बरोबर? तुम्ही सांगा."

मला सगळं आठवत होतं. मामांची मान कितपत तिरकी होती, दर कितव्या वाक्याला हलत होती, बोट कपाळावर नेमकं कुठे टेकलं होतं. संध्याकाळी मित्रांना हे कसं करून दाखवायचं, सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं, हे मी स्टेअरिंगवर हनुवटी ठेवून जुळवत होतो. माझ्या समोर तीन एकर वावर होतं, आणि त्यात विहीर आहे हे मला मॅडमच्या तोंडून कळलं.

"मी गाडीत होतो," मी म्हणालो.

मग कडूबाईच बोलली. नदीकडचा अर्धा तुकडा खाली मुरमापर्यंत गेल्ता; रस्त्याकडं कमरेएवढा गाळ; विहिरीचं तोंड सुद्धा सापडत नव्हतं, मोटार खालीच गाडली गेली. भाऊबंदाचा ट्रॅक्टर आणून, गाळ ओढून, मुरमावर टाकून पेरलं. ती सावकाश सांगत होती, मॅडम लिहीत होत्या, आणि आम्ही दोघं पुरुष माणसं भिंतीला लागून ऐकत होतो. दोघंही तिथे जाऊन आलेलो, दोघंही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढे तलाठी जाऊन आले. गाळ उकरला तेव्हा विहिरीचा कठडा लागला, त्यामुळे विहीर पुरवणी यादीत आली. जमीन आली नाही. खरडलेली जमीन सारखी केल्यावर ती खरडली होती, हे कुणी कसं सिद्ध करणार? फिर्याद कडूबाईने दिली नाही. का, ते मी विचारलं नाही. मामा आता पुण्याला लेकाकडे असतात. तिथे सोसायटीचा वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच सलाम करतो. जीप भंगारात गेली. मित्र अजून म्हणतात, खोकले करून दाखव, आणि मी दाखवतोही. चौघांचे दाखवतो आणि तिथे थांबतो.

पण त्या दिवशी मॅडमच्या दालनातून आम्ही बाहेर आलो, तेव्हा कडूबाई पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या चपला पायात घालत होती. मामा तिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन थांबले. शिपाई, कारकून सगळे दारात उभे होते, आणि आता कुणी ड्रायव्हरमामा म्हणत नव्हतं.

"एक सांगा," ती म्हणाली. साहेब नाही, दादा नाही, काहीच नाही. "येवढा टाइम तुमी माझ्या वावरात उभे व्हते. मंग बघत काय व्हते?"

मामांनी खूप वेळ घेतला. उत्तर शोधायला नसावा. ते द्यायला असावा.

"तुम्ही माझ्याकडं कशा बघून राह्यल्या, ते."

कडूबाईने मान हलवली, हिशेब कळल्यावर हलवावी तशी. मी पुढे होऊन म्हणालो, "चला मावशी, जीपमधून सोडतो तुम्हाला."

"नको," ती म्हणाली. "यष्टी हाये."

आणि पदर खोचून ती स्टँडकडे चालू लागली.